ऐंशी टक्के रुंदीचे नाव

संगणक मी मागवला नव्हता. पुण्यात नोकरीला असलेल्या पुतण्याने नवा घेतला आणि जुना माझ्याकडे धाडून दिला. ज्या वस्तू टाकवत नाहीत आणि ठेववतही नाहीत, त्या निवृत्त नातेवाइकाकडे पाठवण्याची रीत आपल्याकडे आहे. या गोष्टीला पंचवीसहून अधिक वर्षे झाली. वाशीममध्ये तेव्हा घरात संगणक असणे म्हणजे दारात हत्ती बांधण्यासारखे होते. लोक पाहायला येत. त्याचा उपयोग काय, हे कोणी विचारत नसे.

पत्नीने त्याच्या कपाळाला हळदकुंकू लावले. कुंकू फ्लॉपीच्या फटीत गेले आणि पहिला आठवडा यंत्र बंद राहिले. मग तिने जुन्या पातळाची खोळ शिवली. ज्यांनी माझ्या वर्गात कधी पाय पुसून प्रवेश केला नाही, ते माजी विद्यार्थी त्या खोलीच्या दाराशी चपला काढू लागले.

मी मंगरूळपीरच्या एका शाळेत मराठी शिकवले. निवृत्तीनंतर निबंधलेखनावर एक पुस्तिका काढावी, एवढाच माझा हेतू होता. पुतण्याने यंत्रात पाने मांडण्याचे सॉफ्टवेअर घालून दिले होते आणि सोबत एक जाडजूड इंग्रजी पुस्तक. ते मी शब्दकोश घेऊन महिनाभरात वाचून काढले. सॉफ्टवेअर मूर्ख होते, परंतु आज्ञाधारक होते. अक्षर उंच करा, रुंद करा, चपटे करा, जे सांगावे ते तक्रार न करता करी. असा विद्यार्थी मला कधी मिळाला नाही, आणि मिळाला नाही हे बरे झाले. वीज वेळापत्रक लावून जात असे, पण वेळापत्रकाच्या आधी जात असे. त्यामुळे प्रत्येक ओळीनंतर मजकूर साठवण्याची सवय लागली. पुस्तिका निघाली. ती अजून कपाटात आहे, सगळीच्या सगळी.

पुस्तिकेकडे गावाने पाहिले नाही. घरबसल्या पान मांडता येते, एवढे मात्र गावाला कळले, आणि लोक लग्नपत्रिका घेऊन येऊ लागले.

त्याआधी पत्रिका बस स्थानकाजवळच्या छापखान्यात होत. शिशाच्या वासाबद्दल आज जे हळवे होतात, त्यांनी तो वास कधी घेतलेला नसतो. छापखान्यातली पत्रिका ओबडधोबड असे, शाई पसरलेली असे. परंतु तिच्यात एक गुण होता. छापखानेवाल्याकडे नावांसाठी शिशाच्या अक्षर-खिळ्यांचा एकच आकार होता. म्हणून सगळे काका सारखे, सगळे मामा सारखे. रुसणारे क्रमावरून रुसत. आकारावरून रुसण्याची सोयच नव्हती. ती सोय माझ्या घरातल्या यंत्राने केली.

एकदा कापडाचे एक व्यापारी आले. खुर्ची माझ्या खुर्चीला चिकटवून बसले आणि पडद्यावर बोट टेकवून म्हणाले, "सर, हे साल्याचं नाव हाय. हे जराक लहान करा."

"किती लहान?"

त्यांनी थोडा विचार केला. "त्याले समजलं पाह्यजे, पन त्याले बोलता नाई आलं पाह्यजे."

पडद्यावर त्यांच्या बोटाचा सुपारीचा डाग राहिला. मी तो पुसला आणि मेव्हण्याचे नाव लहान केले. मी हे का करीत होतो, असा प्रश्न रास्त आहे. निवृत्त माणसाला कोणी दार वाजवले की बरे वाटते. हे उत्तर मला आवडत नाही, पण दुसरे माझ्याकडे नाही.

कोणाला नावाभोवती मोर हवे असत, कोणाला गणपतीच्या दोन्ही बाजूंना कमळे. पत्रिकेच्या तळाशी दोन वर्षांच्या पुतणीच्या तोंडी आत्याच्या लग्नाचे आमंत्रण घालण्याचा हट्ट तर सार्वत्रिक होता. दोन वर्षांच्या मुलीला धड बोलता येत नसे. तिचे वडील तिच्या नावाने कविता रचून आणत आणि वृत्त चुकले असे मी म्हटले की लहान मूल आहे, चालते, असे सांगत.

अशात शेजारी आले.

शेजारी बस आगारात मेकॅनिक होते. सरळ मनुष्य. हाताला ग्रीस लागलेले असले तर कागद चिमटीत धरून आणीत. त्यांची पत्नी मुलगी तान्ही असतानाच वारली. मुलीला त्यांच्या थोरल्या भावाने आणि भावजयीने जऊळक्याला नेले आणि सातवीपर्यंत वाढवले. नंतर ती वाशीमला वडिलांकडे आली. आता तिचे लग्न ठरले होते. विधुराने कन्यादानाला बसायचे नाही, अशी त्यांच्याकडे रीत, म्हणून पाटावर थोरले भाऊ आणि भावजय बसणार होते. ही रीत नसती तरी तेच बसले असते, असे शेजारी मला दोनदा म्हणाले.

त्यांनी मजकूर लिहून आणला होता. कन्यादानाच्या ओळीत 'सौ. व श्री.' असे लिहून थोरल्या भावाचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव, मग माजी सरपंच, सहकारी सोसायटीचे माजी अध्यक्ष आणि भजनी मंडळाचे विद्यमान अध्यक्ष, असे सगळे होते. ओळ वाचून मला तिटकारा आला. कन्यादानाला भजनी मंडळाचे अध्यक्षपद कशाला लागते, हे मला समजले नाही. परंतु मी बोललो नाही. लोकांच्या हौसेवर बोलणे मी नोकरीबरोबरच सोडले होते.

"ही एका ओळीत बसत नाही," मी म्हटले. "दोन ओळी कराव्या लागतील."

"नाई सर. ओळ तुटली नाई पाह्यजे. कन्यादानाची ओळ हाय. मधातून तुटली तं लोक नावं ठेवतीन."

"मग काही पदे गाळा."

"एकबी गाळू नका. पोरावाल्याईले समजलं पाह्यजे, कोनाच्या हातची पोट्टी हाय."

ते घरी गेले आणि मी ओळ बसवली. सॉफ्टवेअरमध्ये अक्षरांच्या रुंदीचा एक आकडा असतो. तो शंभर होता, मी ऐंशी केला. अक्षरांची उंची तीच राहिली, अंगे आत गेली. ओळ जशी मावायला हवी तशी मावली. कडेची वेल सुरेख दिसत होती, चारही बाजूंचे अंतर सारखे होते. संपूर्ण पान पडद्यावर लहान करून पाहिले, तेव्हा मला समाधान वाटले. कच्ची प्रत मी घरच्या प्रिंटरवर काढली. तो टाचण्यांनी टोचून ठिपक्यांची अक्षरे उमटवी, त्यामुळे सगळीच नावे सारखी विटकी दिसत. शेजाऱ्यांनी तिथी पाहिली, गोरज मुहूर्त पाहिला आणि हो म्हटले. फ्लॉपी दुसऱ्या, ऑफसेटच्या छापखान्यात गेली. पत्रिका छापून आल्या आणि वाटल्या गेल्या.

थोरल्या भावाची पत्रिका शेजारी स्वतः जऊळक्याला देऊन आले. चौथ्या दिवशी तिकडून एका नातेवाइकाबरोबर निरोप आला. शेजाऱ्यांनी तो मला शब्दशः सांगितला. सांगताना ते माझ्याकडे पाहत नव्हते.

"म्हने, जेवाले येऊ, पाटावर बसाले नाई. ज्याचं नाव रुंद, त्यानं कन्यादान करावं."

"ही काय भाषा आहे?"

"माह्या भावाची भाषा हाय, सर. आता मी त्याले समजवाले गेलो, तं तो मले बसाले पाट देईन, पानी देईन, अन् बोलनार नाई. मी ओयखतो त्याले."

मी त्यांना सांगितले की एवढ्याशा गोष्टीवरून रुसणाऱ्या माणसाला रुसू द्यावे. ते उठून गेले.

दुपारी मुलगी आली. तिला मी शिकवले नव्हते, म्हणून ती मला भीत नव्हती. खोलीच्या दाराशी तिने चपलाही काढल्या नाहीत.

"सर, मोठ्या बाबाचं नाव तुमी दाबलं काय?"

"बसवले. ओळ मावत नव्हती."

"मले मोठ्या आईनं वाढवलं. त्या दोघाइशिवाय दुसरं कोनी पाटावर बसलं, तं मी मांडवात येत नाई. बाबाले सांगतलं. आता तुमाले सांगून राह्यली."

"हा मूर्खपणा आहे."

"हाव, हाय," ती म्हणाली. "पन हा मूर्खपना तुमच्या मशिनीतून निंघाला. बाबाच्या हातानं निंघाला असता तं म्या बाबाले धाडलं असतं."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरने मी जऊळक्याला गेलो. स्टेशनपासून घर चालत दहा मिनिटांवर. थोरले भाऊ ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. सत्तरीच्या आसपासचा सडसडीत मनुष्य. पत्रिका मांडणारा मीच, असे सांगताच त्यांनी आत हाक मारली.

"ऐकलं काय? पानी आन. आपल्याले बारीक करनारे गुर्जी आले."

आतून भावजयीचा आवाज आला, "दवाखान्यातले हायेत काय?"

"नाई व. हे बिनदवाईचं बारीक करतात."

मी पाणी घेतले, चहा घेतला. चहा होईपर्यंत ते सोयाबीनबद्दल बोलले, माझ्या प्रकृतीबद्दल बोलले. मग उठून कोनाड्यातून पत्रिका आणली. तिच्यात खराट्याची एक काडी होती. काडीवर नखाने दोन खुणा केल्या होत्या. ती त्यांनी आपल्या नावावर आडवी धरली, नंतर सरकवून खालच्या एका चुलतभावाच्या नावावर धरली.

"पाहा. ह्या दोन खुनाईत माहे अक्षरं पाच बसतात, ह्याचे चारच. उंची सारखी, लांबी सारखी. मंग माह्या पाचाइले काय झालं होतं?"

चारांच्या जागेत पाच. ऐंशी टक्के. आकडा पडद्यावर मी लिहिला होता आणि तो माझ्याशिवाय कोणालाही माहीत नव्हता. या माणसाने तो खराट्याच्या काडीने अचूक काढला होता. माझ्या इतक्या वर्षांच्या वर्गांत इतके काळजीपूर्वक वाचणारे मी फार पाहिले नाहीत.

"ओळ तोडू नका, असे तुमच्या भावाने सांगितले होते," मी म्हटले. "ती मावत नव्हती. तुमचा अपमान करण्याचा हेतू नव्हता."

"मले वाटते होता," ते शांतपणे म्हणाले. "तुमचा नसन, त्याचा असन. पोट्टी आमच्या हातची म्हून त्याले जराक टोचत असन. आमी बारीक दिसलो तं तो मोठा दिसते."

एवढा वेळ मी हा प्रकार एका मानी म्हाताऱ्याचा रुसवा समजत होतो. तेव्हा मला कळले की त्यांचा राग अक्षरांवर नाहीच. धाकट्याने जाणून केले, अशी त्यांची समजूत झाली होती. ती दूर करायची तर एकच गोष्ट मला करता येण्यासारखी होती.

"हे त्यांनी केले नाही, मी केले. कसे केले ते माझ्या घरी येऊन पाहा."

दोन दिवसांनी ते आले. भावजय बरोबर होत्या. शेजारच्या दाराकडे न पाहता दोघे सरळ माझ्याकडे आले. मी यंत्र सुरू केले आणि पत्रिका उघडली. संपूर्ण पान पडद्यावर आले. त्या सॉफ्टवेअरमध्ये पूर्ण पान पाहिले की बारीक अक्षरे नाहीशी होत आणि ओळींच्या जागी करड्या पट्ट्या दिसत.

थोरले वाकून पाहू लागले. "ह्यात मी कोनता?"

"वरून पाचवी पट्टी."

"अठी तं सारेच सारखे हायेत."

"हो. लांबून."

मी पान मोठे केले. त्यांची ओळ आली. मी ऐंशीचा आकडा दाखवला, तो पुसून शंभर लिहिले. ओळ उजवीकडे धावली, चौकट ओलांडून वेलीच्या बाहेर गेली. भजनी मंडळ कागदाबाहेर पडले.

"पाहिले? म्हणून मी ते आत घेतले."

त्यांनी वेलीबाहेरच्या अक्षरांवर बोट ठेवले. "बाहीर गेलं, हे बरोबर. पन आत घ्याले कोनाले इचारलं?"

उत्तर मला ठाऊक होते. सगळीच नावे एक माप लहान केली असती तर ओळ मावली असती आणि सगळे सारखे राहिले असते. दहा मिनिटांचे काम. ते मला सुचले होते. मी केले नाही. पदांची ती शेपटी मला हास्यास्पद वाटली होती, आणि ज्याच्या नावाला ती होती तो मनुष्यही तसाच असणार, असे मी न पाहता ठरवले होते. त्याच्यासाठी मांडलेले पान पुन्हा मोडावे, इतकी त्याची किंमत मी धरली नव्हती. आकडा यंत्राचा नव्हता.

थोरल्यांनी ओळ शेवटपर्यंत वाचायला सांगितली. मी वाचली.

"हे सरपंच, सोसायटी कोनी लिवलं?"

"तुमच्या भावाने. तुम्ही सांगितले नव्हते?"

"मी कायले सांगू? सरपंच होतो ते कधीचं गेलं. सोसायटीबी गेली. भजनाले तं चार बुढे येतात, त्यातले दोघं झोपतात." ते भावजयीकडे वळले. "म्हने, त्यानं लिवलं."

"एक गाळू देत नव्हते," मी म्हटले. "मुलगी कोणाच्या हातची आहे हे वरपक्षाला कळावे, असे म्हणाले."

भावजयींनी पदराने तोंड पुसले.

"काढा ते सारं," थोरले म्हणाले. "वाटल्या त्या वाटल्या. माह्यासाठी एक काढा. देवापुढं ठेवतो."

मी सगळी पदे पुसली. शंभर टक्के रुंदीचे नाव उरले आणि उजवीकडे बरीच जागा रिकामी राहिली. भावजय पहिल्यांदा पुढे आल्या. त्यांना वाचता येत नव्हते.

"अन् मी कोठी हाय?"

मी नावाआधीचे 'सौ. व' दाखवले.

"येवढंच?" त्या म्हणाल्या. तक्रार नव्हती, चौकशी होती.

पत्रिकेत बायकांची नावे सौ.च्या पोटात जातात. हजार वेळा मी तसे मांडले असेल. आता जागा होती. मी थोरल्यांना त्यांच्या पत्नीचे नाव विचारले. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिले. त्या पिढीत नवराही बायकोचे नाव चारचौघांत घेत नसे. भावजयींना विचारले, तर त्या म्हणाल्या, "मले कायले लागते नाव? माहं कोनी घेतलं नाई ते, लगन झाल्यापासून."

"पोट्टीले इचारा," थोरले अखेर म्हणाले. "तिले शायेत लिहा लागत होतं, पालक म्हून."

माझ्या पत्नीने कुंपणाच्या भिंतीवरून शेजारच्या घरी हाक मारली. मुलगी धावत आली आणि दारात थबकली. तिच्यामागे शेजारी होते, दुपारची पाळी असल्यामुळे घरीच असलेले. ते आत आले नाहीत. मुलीने नाव सांगितले. मी ते टाइप केले. दोन्ही नावे एका ओळीत, पूर्ण रुंदीने मावली. वेलीच्या आत.

प्रिंटर किंचाळत एकेक ओळ काढू लागला. त्या आवाजात कोणाला बोलता येत नव्हते, आणि त्या यंत्राने केलेले हे एकमेव उपकाराचे काम. कागद बाहेर आल्यावर थोरल्यांनी बंडीच्या खिशातून काडी काढली. मला वाटले, मापतील. त्यांनी तिने दात कोरला आणि ती खिडकीबाहेर टाकली.

"लहान्या," ते दाराकडे न पाहता धाकट्याला म्हणाले, "च्या ठेवला काय घरी, का गुर्जीच्याच घरचा पाजतं?"

ते चौघे शेजारच्या घरी गेले. कागद भावजयींनी घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवला होता.

कन्यादान त्या दोघांनीच केले. मांडवात ध्वनिक्षेपकावर एक गृहस्थ छापलेली पत्रिका वाचून पाटावरच्यांचा परिचय करून देत होते. माजी सरपंच, माजी अध्यक्ष, विद्यमान अध्यक्ष. थोरल्यांनी थांबा म्हणून हात वर केला. आपले ऐकू येत नसावे असे गृहस्थांना वाटले, त्यांनी आवाज वाढवून सगळे पुन्हा वाचले. मुलगी मान खाली घालून हसत होती. वांग्याची भाजी तिखट होती. मी जेवून घरी आलो.

दुसऱ्या दिवशी एक गृहस्थ पत्रिकेचा मजकूर घेऊन आले. दाराशी चपला काढल्या आणि चुलत्याचे नाव थोडे लहान करता येईल का, असे विचारू लागले. मी यंत्रावर खोळ घातली आणि त्यांना बस स्थानकाजवळच्या छापखान्याचा रस्ता दाखवला.